मशेरीबद्दलही विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



गुटख्याचा टेम्पो पकडला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पोत्यांचा फोटो येतो, खाली जप्त मालाची किंमत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली, ती दरवर्षी नव्याने जारी होते आणि ही कारवाई सैल पडू नये असेच मला वाटते. पण ज्या तंबाखूबद्दल आज आपल्याला लिहिते आहे, ती कोणत्याही छाप्यात सापडणार नाही. बायका ती घरीच तव्यावर भाजतात, काळी पडली की कुटून डबीत भरतात आणि सकाळी उठल्याबरोबर बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावतात. कुठे तिला मशेरी म्हणतात, कुठे मिसरी.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. स्त्रियांपैकी १७ टक्के तंबाखू वापरत होत्या. त्यांत विडी-सिगारेट ओढणाऱ्या थोड्याच. बाकीच्यांची तंबाखू तोंडातच असते, आणि ती चारचौघांना दिसत नाही. पानटपरीवर उभी राहून पुडी फोडणारी बाई आपल्याला क्वचितच दिसते. म्हणून आपल्या जाहिरातींत, फलकांवर, व्यसनमुक्तीच्या भाषणांत समोर पुरुषच असतो.

मशेरी लावणाऱ्या बाईला विचारले तर ती व्यसन हा शब्दच उच्चारत नाही. दाढ दुखत होती म्हणून आजीने लावायला सांगितली, तिथून लागली. ‘ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’, हे तर घरोघरी ऐकू येते. या वाक्याकडे आपल्या खात्याने हसण्यावारी पाहू नये. जिच्या वस्तीत धड संडास नाही, जिला उजाडायच्या आत सगळे उरकायचे असते, तिला वेळेवर पोट साफ होणे ही मोठी गरज असते. निकोटिनने भूकही मरते. पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या ऊसतोड बाईला, वीटभट्टीवरच्या बाईला त्या डबीचा आधार का वाटतो, हे समजून घेतल्याशिवाय ‘तंबाखू सोडा’ म्हणणे तिला परक्याचे बोलणे वाटणार. आधी तिला संडास, पोटभर न्याहारी आणि दातांचा डॉक्टर मिळायला हवा. हे मी मनापासून म्हणते आहे, कारण या तिन्ही गोष्टी सरकारच्या हातातल्या आहेत.

आता पोटातल्या बाळाबद्दल. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२१७ गरोदर बायकांचा मागोवा घेतला. तो अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. याच बायकांच्या पुढच्या विश्लेषणात मृत बाळ जन्मण्याचा धोका सुमारे अडीच पट आढळला. तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायकांत रक्तक्षयही अधिक होता. आपण गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देतो, तिचे वजन करतो, हिमोग्लोबिन तपासतो. हे सगळे करून तिच्या डबीबद्दल विचारलेच नाही, तर ती तपासणी मला अर्धी वाटते.

मुलींचे आणखी वेगळे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठराच्या आतल्या मुलांना विकू नये, असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे. तो पाळलाच पाहिजे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती मशेरी दुकानातून येत नाही, ती तिच्याच घरातल्या कोनाड्यातून येते. आईसाठी ती भाजायचे कामही कित्येकदा तिच्याकडेच असते. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागा व्यापणारा इशारा असतो. घरच्या डबीवर तो कुठून येणार? दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्राने १९९२ मध्येच बंदी केली. तरीही निव्वळ तंबाखूनेच दात घासणाऱ्या मुली आजही आहेत.

आशाताई तिशीवरच्या माणसांचा आरोग्य-तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. एक तर वीस वर्षांची गरोदर मुलगी त्या वयोगटात येत नाही. आणि तिच्या सासूला ‘गुटखा, तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ती ‘नाही’ म्हणते. ती खोटे बोलत नसते. तिच्या लेखी ते दात घासणे आहे.

म्हणून माझे मागणे छोटे आहे. प्रत्येक गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीत ‘मशेरी लावता का, किती वेळा?’ असे नाव घेऊन विचारावे आणि उत्तराची नोंद व्हावी. ‘हो’ म्हणणारीला कोणी रागावू नये. पुढच्या प्रत्येक भेटीत पुन्हा विचारावे. सोडताना डोके दुखते, चिडचिड होते, काही दिवस पोट साफ होत नाही, हे तिला आधीच सांगितले तर ती चौथ्या दिवशी घाबरून पुन्हा डबीकडे वळणार नाही. नर्सताई आणि आशाताईंना याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. त्यांच्यातल्या काहीजणी स्वतः मशेरी लावत असतील, तर सोडण्यासाठी पहिली मदत त्यांना मिळावी. किशोरवयीन मुलींसाठी आपलीच ‘मैत्री’ क्लिनिके आहेत, हाच प्रश्न तिथेही यावा. केंद्राची १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे. तो क्रमांक माता-बाल कार्डावर ठळक छापावा.

हे राज्याला जमणारे काम आहे. गडचिरोलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि दारू यांच्याविरुद्ध ‘मुक्तिपथ’ ही मोहीम २०१६ पासून गावागावांत काम करते आहे, आणि त्यात डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेबरोबर राज्य सरकारही भागीदार आहे. एका जिल्ह्यात खर्ऱ्यासाठी जे करता आले, ते मशेरीसाठी राज्यभर का करू नये?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी होते. येत्या ९ तारखेपासून मशेरीचा प्रश्न तिथे विचारला जावा, असा आदेश आपण काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
या राज्याची एक नागरिक