न चालवलेल्या गाडीचे सौंदर्यशास्त्र

सित्रोएन कंपनीच्या डीएस या गाडीवरचे रोलाँ बार्थचे टिपण आपल्या विद्यापीठांमधून बऱ्याच वर्षांपासून शिकवले जाते. १९५५ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात अवतरलेली ती गाडी पाहून बार्थला गॉथिक कॅथेड्रलांची आठवण झाली, हे आपले विद्यार्थी उत्तरपत्रिकेत न चुकता लिहितात. बार्थ जी गाडी पाहतो ती प्रदर्शनातली, अजून कोणाचीच न झालेली गाडी आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणी लिहीत नाही. तिच्या आसनावर अजून दूध सांडलेले नाही, तिचा पत्रा कोणा रिक्षाने खरचटलेला नाही. वस्तू वापरात येण्यापूर्वीचा हा क्षण बार्थने टिपला आणि आपण तोच क्षण वस्तूचे अंतिम सत्य म्हणून शिकवू लागलो.

विदेशी स्पोर्ट्‌स कारच्या जगात हा क्षण आता कायमचा गोठवण्यात आला आहे. लाखो डॉलरची गाडी विकत घ्यायची, तापमान आणि आर्द्रता सांभाळणाऱ्या गॅरेजात ती झाकून ठेवायची, मैलांचा आकडा वाढू द्यायचा नाही, कारखान्यातून आलेल्या आवरणाचे प्लास्टिकसुद्धा काढायचे नाही, आणि या सगळ्याला ‘रसिकता’ म्हणायचे, अशी एक रीतच पडली आहे. कोणी तीच गाडी रोज कामावर न्यायला लागला, गतिरोधकावर तिचे नाक आपटू नये म्हणून पुढची बाजू वर उचलणारी यंत्रणा तिला बसवली, कंबर मोडणारी आसने काढून बरी आसने घातली, सायलेन्सर बदलला, की तो अरसिक ठरतो, विटंबना करणारा ठरतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ती गाडी खऱ्या अर्थाने वाचतो तो हा दुसरा माणूस. पहिला आहे राखणदार, आणि राखणदाराला आपण रसिक म्हणू लागलो ही गोष्ट साहित्याच्या माणसाने मुकाट्याने मान्य करण्यासारखी नाही.

(प्रस्तुत लेखकाची मजल सेकंडहँड मारुतीपलीकडे गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु तुकोबांवर बोलण्यापूर्वी वैकुंठाला जाऊन येण्याची अट आपण कोणाला घालत नाही.)

या वादाला सर्वांत उपयोगी पडणारी गाडी म्हणजे होंडा एनएसएक्स. ती १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली गेली आणि १९९० ते २००५ अशी पंधरा वर्षे जपानमध्ये बनत राहिली. शिगेरू उएहारा हे तिचे मुख्य अभियंता. संपूर्ण ॲल्युमिनियमची मोनोकॉक बॉडी, तीन लिटरचे व्ही-६ इंजिन, त्यात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत जाण्याची ताकद, आणि जमिनीपासून छतापर्यंतची उंची अवघी १,१७० मिलिमीटर. कागदावर ती फेरारीची प्रतिस्पर्धी होती. मात्र तिच्या निर्मात्यांनी एक वेगळाच हट्ट धरला होता. ही गाडी रोज चालवता आली पाहिजे. लढाऊ विमानाच्या कॉकपिटसारखी चहूबाजूंनी दिसणारी काच, गर्दीतही न रुसणारा क्लच, न तापणारे इंजिन, मागे सामानाला चक्क डिकी. आयर्टन सेना याने सुझुका येथे ती चालवून बॉडी आणखी ताठ हवी असे सुचवले, आणि होंडाने ते ऐकले.

समीक्षकांनी तिच्यावर कोणता आरोप केला? ती फार सोपी आहे, तिला आत्मा नाही, असा! जी गाडी चालकाला घाम फोडत नाही, मधूनच बंद पडत नाही, ती अभिजात कशी असेल? मराठी समीक्षेच्या वाचकाला हा सूर नवा वाटणार नाही. नवकाव्याच्या काळात दुर्बोधतेवर जी वादावादी झाली तिचे फलित म्हणून आपल्या पदरात काय पडले असेल तर सुबोधतेविषयीचा संशय. वाचता येते म्हणजे उथळ असणार, हे आपण गृहीत धरू लागलो. गाड्यांच्या जगातही नेमके हेच झाले. वास्तविक अवघड वस्तू अवघड ठेवणे हे फारसे मोठे कर्तृत्व नव्हे. अवघड वस्तू सोमवारी सकाळी नऊच्या रहदारीत चालेल अशी करणे हे कर्तृत्व. मॅकलॅरेन एफ-वन ही आजवरची एक अद्वितीय गाडी घडवणारे गॉर्डन मरे यांना हे कळले होते. त्यांनी एनएसएक्स स्वतः विकत घेतली, वर्षानुवर्षे वापरली, आणि आपल्या गाडीच्या चालीसाठी तिलाच कसोटी मानले.

अर्थात एनएसएक्सही निर्दोष नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांचे मागचे टायर चाकांच्या कोनामुळे भराभर झिजत. काही सुरुवातीच्या गिअरबॉक्समधील एक कडी तुटून अख्खा गिअरबॉक्स निकामी होई. पुढे वय झाल्यावर वातानुकूलन यंत्रणेच्या सर्किटमधील कपॅसिटर गळू लागले. हे दोष कसे कळले? गाड्या चालवल्या गेल्या म्हणून. आणि दुरुस्त कोणी केले? काही होंडाने, काही मालकांनी. चाकांचा कोन बदलणे, मोठी चाके घालणे, सस्पेन्शन बदलणे, काहींनी तर सुपरचार्जर बसवणे, असे फेरबदल पिढ्यान्‌पिढ्या होत आले. खुद्द होंडानेही १९९२ मध्ये आपल्याच संहितेत हस्तक्षेप करून एनएसएक्स-आर काढली, सुमारे १२० किलो वजन कमी करून. शिवाय १९९३ मध्ये जुन्या गाड्या परत घेऊन त्यांचे नूतनीकरण करून देणारी योजनाही सुरू केली. म्हणजे ‘मूळ’ गाडी हीसुद्धा एक चालू असलेली प्रक्रिया होती. पहिल्या दिवसाचा पाठ तेवढा खरा, बाकी सारे भ्रष्ट, असे तिच्या कर्त्यांनाही वाटले नाही.

मग हे मूळपणाचे वेड आले कुठून? बाजारातून. लिलावात ‘मॅचिंग नंबर्स’ला किंमत असते, कमी मैलांना किंमत असते, न फेडलेल्या प्लास्टिकला किंमत असते. ‘मूळ’ हा शब्द तिथे सौंदर्यशास्त्रातून आलेला नाही, तो किमतीचा शब्द आहे. आपण साहित्याची माणसे मात्र त्याला फसतो, कारण तो आपल्याच परिभाषेत बोलतो.

गंमत अशी की न वापरल्याने वस्तू टिकते हेही खोटे आहे. ठेवणीतली पैठणी घडीवर विरते हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असते, म्हणून त्या अधूनमधून ती उलगडतात, घडी बदलतात, जमल्यास नेसतात. गाडीचेही तसेच. उभ्या गाडीचे रबरी सील वाळतात, पेट्रोल नासते, टायर एका बाजूला चपटे होतात, बॅटरी मरते. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर इंजिन खाली उतरवावे लागते, आणि गाडी जागची हलली नसली तरी ठरावीक वर्षांनी तो बदलावाच लागतो. न वाचलेल्या पुस्तकालाही कसर लागतेच.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. कोणी म्हणेल, उद्या तुम्ही प्रत्येकाला संहितेत हात घालायची मुभा द्याल. आमच्या परंपरेत तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुन्हा कोणी त्यात आपल्या ओव्या घुसडू नयेत अशी तंबी दिली. खरे आहे. पण ती तंबी कशाविरुद्ध होती? प्रक्षेपाविरुद्ध. स्वतःची ओवी ज्ञानदेवांची म्हणून खपवण्याविरुद्ध. टीकेविरुद्ध नव्हे, कारण ज्ञानेश्वरी ही स्वतःच गीतेवरची टीका आहे, रोजच्या बोलीत रोजच्या माणसासाठी केलेली, आणि एकनाथांनीही भागवताच्या एकादश स्कंधावर तेच केले. टीकाकार आपले नाव आणि आपली गरज लपवत नाही. प्रक्षेपकार लपवतो.

हा भेद गाड्यांना लावून पाहावा. २०१४ च्या अखेरीस फेरारीने एफएक्सएक्स-के ही केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर चालणारी गाडी दाखवली. पुढे मॅन्सोरी या जर्मन कंपनीने फेरारी ४८८ जीटीबी या रस्त्यावरच्या गाडीला एफएक्सएक्स-के सारखे रूप देणारे सुटे भाग विकले. प्रकरण थेट युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये, संपूर्ण गाडीची छायाचित्रे प्रसिद्ध केल्याने तिच्या एखाद्या भागाच्या आकारालाही संरक्षण मिळू शकते, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला. कायद्याचे राहू द्या, रसिकतेच्या अंगानेही मला त्या सुट्या भागांविषयी काडीचे प्रेम नाही. त्यांनी गाडी वापरायला सोपी होत नाही, ती नसलेल्या गाडीचे सोंग घेते. हा प्रक्षेप. पुढची बाजू उचलणारी यंत्रणा ही टीका. जपानचे अकिरा नाकाई जुन्या पोर्शे ९११ चे मडगार्ड करवतीने कापून रुंद करतात तेव्हा मात्र माझी पंचाईत होते. तिथे सोंग नाही, हात उघड आहे, पण कापलेला पत्रा परत येत नाही. पेन्सिलीने समासात लिहिणे वेगळे आणि पान फाडून लिहिणे वेगळे. मी पेन्सिलवाल्यांच्या बाजूचा आहे. काढलेले मूळ भाग खोक्यात जपून ठेवणारे कितीतरी मालक असतात, त्यांना नमस्कार.

आणि आपण ज्याचे श्राद्ध दर सेमिस्टरला घालतो त्या ‘लेखकाच्या मृत्यू’चे काय? बार्थने तो १९६७ मध्ये जाहीर केला. या क्षेत्रात तरी लेखक मेलेला नाही, त्याने वकील नेमला आहे. डेडमाऊस या नावाने गाणारा-वाजवणारा कॅनडाचा संगीतकार आपल्या फेरारी ४५८ वर आंतरजालावरच्या एका उडत्या मांजराचे चित्र चिकटवून, कंपनीच्या घोड्याच्या जागी मांजराचे बोधचिन्ह लावून फिरत असे. २०१४ मध्ये त्याने गाडी विकायला काढली आणि फेरारीची नोटीस आली. अभिरुचीच्या दृष्टीने मांजर भयंकरच होते, हे मान्य. पण ती गाडी त्याने पैसे मोजून घेतली होती आणि ती तो चालवत होता. फोर्डने आपल्या जीटी या गाडीच्या ग्राहकांकडून दोन वर्षे ती न विकण्याची हमी लिहून घेतली आणि जॉन सीना या कुस्तीगीर-अभिनेत्याने ती मोडली म्हणून २०१७ मध्ये त्याच्यावर खटला भरला; २०१८ मध्ये तडजोड झाली. नफेखोरी रोखण्याचा हेतू एकवेळ समजू शकतो. तरीही विकत घेतलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात असा राहतच असेल तर मालक हा मालक नसून भाडेकरू आहे. ई-पुस्तक विकत घेऊन ते मित्राला न देऊ शकणाऱ्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

आमच्याच वर्तुळातले काहीजण या सगळ्यावर नाक मुरडतील. मराठवाड्यात पाण्याचे टँकर धावत असताना, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे मानधन महिनोन्‌महिने थकलेले असताना, श्रीमंतांच्या खेळण्यांवर लेख कसला? प्रश्न रास्त आहे, नेम चुकला आहे. झाकून ठेवलेली गाडी हेच संपत्तीचे सर्वांत शुद्ध रूप. ती कोणाच्याही उपयोगी पडत नाही, नुसती वाढत जाते. रोज चालणारी गाडी झिजते, तिच्यावर मेकॅनिक जगतो, रस्त्यावरची पोरे तिच्यामागे धावतात, आणि मालकाचे भांडवल थोडे थोडे विरघळत राहते. श्रीमंतीवर राग असेल तर तो आधी गॅरेजातल्या गाडीवर काढायला हवा.

रोवन ॲटकिन्सन यांचे उदाहरण या बाबतीत मोठे बोधक आणि काहीसे खट्याळ आहे. त्यांनी १९९७ मध्ये मॅकलॅरेन एफ-वन घेतली. अशा गाड्या सगळ्या मिळून १०६ च बनल्या. त्यांनी ती बाजारहाटाला नेली, मुलांना शाळेत सोडायला नेली, दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातानंतरच्या दुरुस्तीला नऊ लाख पौंडांहून अधिक खर्च आला आणि तो विमा कंपनीने सोसला. ४१ हजार मैल चाललेली ती गाडी २०१५ मध्ये ऐंशी लाख पौंडांना विकली गेल्याचे वृत्तपत्रांनी छापले. मूळ किमतीच्या कितीतरी पट! राखणदारांचा युक्तिवाद इथे कोसळतो, असे कोणी म्हणेल. मला तेवढा आनंद होत नाही. बाजाराने इथे वापरालाही गिळून त्याचे ‘इतिहास’ असे नाव ठेवले, कारण वापरणारा प्रसिद्ध होता. अनामिक मालकाने तेच केले असते तर त्याला नुसते ‘जास्त चाललेली गाडी’ म्हटले असते. हस्तलिखिताच्या समासातली टीप कोणा थोराची असली की ती दस्तऐवज, विद्यार्थ्याची असली की ग्रंथालयाचा दंड.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी वेगळ्या वळणाने येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही, असे म्हटले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावून रात्री गल्लीतून जाणाऱ्यांची मी वकिली करणार नाही. पण कोणत्या रस्त्यांसाठी ते तपशील लिहिले गेले होते? इटलीतल्या मारानेल्लोच्या किंवा जपानमधल्या तोचिगीच्या. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारातले हातभर उंच गतिरोधक तिथल्या अभियंत्याच्या कल्पनेत कुठून असणार? त्यामुळे इथे अशा गाड्या रविवारी पहाटे, रस्ते रिकामे असताना, तासभर बाहेर येतात आणि ऊन चढण्यापूर्वी पुन्हा झाकल्या जातात. आपण त्यांचे फोटो पाहतो.