नदीवरील फेस व मुळांचें पटल

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं ज्यांच्या जमिनी इंद्रायणीच्या कांठीं आहेत, त्यांस नदीवरील पांढऱ्या फेसाची नव्यानें ओळख करून देण्याचें कारण नाहीं. कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी देहू, मोशी, आळंदी ह्या गांवांवरून जाऊन तुळापुरास भीमेस मिळते. तिच्या दक्षिणेस १९८२ सालीं महानगरपालिका झालेलें पिंपरी-चिंचवड शहर, व उत्तरेस चाकणची उद्योगवसाहत. गेलीं कांहीं वर्षें आळंदीस हा फेस वारंवार दिसतो. वारकऱ्यांच्या स्नानाची चिंता सर्वांनीं वाहिली, व तें योग्यच झालें. परंतु तेंच पाणी पंपानें उचलून कांद्यास व भाजीपाल्यास देणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट फारशी कोणी काढीत नाहीं. ती आज काढावी असें आम्हांस वाटतें.

कोणतेंही पीक घ्या. त्याचें मूळ, पान, फळ हीं असंख्य पेशींचीं बनलेलीं असतात. कांद्याच्या पाकळीचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तर विटांच्या बांधकामासारख्या ह्या पेशी शाळेंतील मुलासही दिसतात. प्रत्येक पेशीस बाहेरून भिंत असते व भिंतीच्या आंत एक अत्यंत पातळ पटल असतें. भिंत आधार देते. राखण करतें तें पटल. सात-बाराच्या उताऱ्याच्या कागदाएवढी जाडी व्हावयास असलीं दहा-वीस हजार पटलें एकावर एक रचावीं लागतील.

हें पटल मुख्यतः स्निग्ध द्रव्य व प्रथिनें ह्यांचें असतें. स्निग्ध द्रव्याच्या रेणूस एक डोकें व दोन शेपट्या असतात. डोक्यास पाणी प्रिय, शेपट्यांस पाण्याचें वावडें. त्यामुळें पाण्यांत हे रेणू आपण होऊन दुहेरी रांग धरतात. डोकीं बाहेर, शेपट्या आंत. १९२५ सालीं गॉर्टर व ग्रेंडेल ह्या डच शास्त्रज्ञांनीं तांबड्या रक्तपेशींवरून ही दुहेरी रांग ओळखली.

अशा तेलकट कुंपणांतून पाण्यांत विरघळलेले क्षार सहसा जाऊं शकत नाहींत. त्यांकरितां पटलांत प्रथिनांचीं दारें बसविलेलीं असतात. पाण्याचें दार निराळें, नत्राचें निराळें, पालाशाचें निराळें. पाण्याच्या दाराचा शोध लावल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री ह्यांस २००३ सालीं रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कांहीं दारांतून द्रव्य उतारानें आपोआप येतें. कांहीं ठिकाणीं मात्र पेशी आपली शक्ति खर्चून, रहाटानें पाणी ओढावें तसें, तें आंत ओढते. मातींतील पाण्यांत पालाश थोडा व पेशींत पुष्कळ असूनही मूळ तो मिळवितें, तें ह्या रहाटाच्या जोरावर. पण कुंपणच फाटलें तर दारें व रहाट काय कामाचीं? आंतील क्षार व साखर बाहेर वाहतात, आणि खताच्या गोणीचे पैसे मातींत जातात.

आतां साबणाकडे वळूं. धुण्याच्या पावडरीचा रेणूही अशाच घडणीचा आहे. एक टोक पाण्याचें मित्र, दुसरें तेलाचें. म्हणून तो भांड्याचा तेलकटपणा ओढून नेतो, म्हणून फेस धरतो, आणि म्हणूनच पेशीच्या पटलांत शिरून त्याची रांग मोडूं शकतो. २०२० सालच्या साथींत घरोघर साबणानें हात धुतले गेले ते ह्याच कारणें; त्या विषाणूचें आवरणही स्निग्धच होतें. माव्यावर आपण साबणाचें पाणी फवारतों तेंही ह्याच गुणासाठीं. तें पाणी कडक झालें कीं पानही करपतें, हा अनुभव कोणास नाहीं?

तथापि फेसाळ पाणी दिलें कीं पीक मेलें, असें आम्ही म्हणत नाहीं. हवेशीर जमिनींतील सूक्ष्म जीव अशा द्रव्यांपैकीं पुष्कळांचें विघटन करतात. नदींतील माशांस मात्र ही सवलत नाहीं. त्यांचे नाजूक कल्ले त्याच पाण्यांत उघडे असतात. आमचें म्हणणें एवढेंच कीं, फेस विरला म्हणजे साबण गेला असें नव्हे. फेस ही खूण आहे. दोष पाण्यांत विरघळलेला आहे. घरांचें व कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध होऊनच नदींत यावें, हाच त्यावर खरा उपाय.

ह्या बाबतींत आमच्या पदरींही दोष आहे. कचेरींत जिन्सवार पत्रकें जुळवितांना गांव नमुना बारांतील जलसिंचनाच्या साधनाचा रकाना हजारों वेळां आमच्या डोळ्यांखालून गेला. 'नदी' किंवा 'विहीर' एवढें लिहिलें कीं काम पुरें. पाणी कोठचें हें विचारलें गेलें, पाणी कसें हें आम्हींही कधीं विचारलें नाहीं. २०२१ सालीं ई-पीक पाहणी आली व ती नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातीं गेली. तिच्या जोडीस पाण्याच्या गुणाचीही नोंद असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तोंपर्यंत कांद्याचें रोप टाकतांना फेसाळ पाणी टाळून विहिरीचें द्यावें. तुषार संचानें तें पानांवर उडवूं नये. पावसाळ्यानंतर व ऐन उन्हाळ्यांत पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. नेहमींच्या तपासणींत सामू, क्षार व सोडियम कळतात. धुण्याच्या द्रव्यांची मोजणी निराळी मागावी लागते. खर्च एकट्यास जड जाईल, म्हणून कांठच्या गांवांनीं वर्गणी करावी. आणि आपणही फवारणीचे पंप व औषधांचे डबे नदींत धुणें सोडावें. एका हातानें तक्रार व दुसऱ्या हातानें तोच अपराध, हें शोभत नाहीं.

तोंडी गाऱ्हाणें कचेरीच्या दाराशींच विरतें, कागद मात्र टेबलावर राहतो, हें आम्हीं सारी नोकरी पाहिलें आहे. कांठच्या दहा गांवांचे तारखेवार आंकडे हातीं असले, तर आपल्या मागणीस उत्तर द्यावेंच लागेल. येत्या हंगामापासून ह्या कामास आरंभ व्हावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.