ओरखडा आणि आषाढ

१६७४ च्या राज्याभिषेकाचे स्मरण म्हणून दरवर्षी ६ जूनला रायगडाकडे जो जनसमुदाय लोटतो, त्याच्या मोटारी पाचाडच्या अरुंद रस्त्यावर एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि त्यांतील काहींच्या अंगावर परतताना ओरखडा उमटलेला असतो. मग मालक महाडचे गॅरेज गाठतो आणि ‘अख्खा दरवाजा रंगवून टाका’ असे फर्मान सोडतो. हे फर्मान बहुतेक वेळा अनाठायी आणि या मुलखात तर अकाली असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारखान्यात पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक आवरण असे थर चढतात. या सर्वांची मिळून जाडी एका मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाच्या आसपास भरत असली, तरी ते भट्टीत भाजून पक्के केलेले असतात, आणि रबर, प्लास्टिक व वायरिंग बसवलेल्या तयार मोटारीस तेवढा ताप पुन्हा देणे शक्य नसल्यामुळे, कुशलातल्या कुशल कारागिरालाही ते मूळ काम जसेच्या तसे परत करता येत नाही. म्हणून जे शाबूत आहे ते घासून काढण्यापूर्वी जखमेची खोली तपासणे हे मालकाचे आद्य कर्तव्य होय. पाणी लावताच ओरखडा दिसेनासा झाला, तर तो वरच्या आवरणातच आहे. त्यास रबिंग-पॉलिश पुरते. नख अडकले, पण पत्रा उघडा पडला नसेल, तर टच-अप पुरेसा आहे. पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र हयगय नको. प्लास्टिकच्या बंपरला गंजाचे भय नसल्याने तेथील खरचटे ही निव्वळ शोभेची बाब आहे.

आता ऋतूचा विचार. सह्याद्रीच्या या पायथ्याशी आषाढ-श्रावणात हवा पाण्याने जड झालेली असते. उघड्या शेडमध्ये रंग फवारला की त्यातील थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतील बाष्प जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. लांबी तर सच्छिद्र; ती भरून रंगाविना ठेवली तर ओल शोषून घेते, आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाखाली फुगवटे दिसू लागतात. तेव्हा पावसाळ्यात उघडा पत्रा स्वच्छ व कोरडा करून, प्रायमर आणि टच-अपने झाकण्याची तजवीज करावी, आणि डेंटिंग-पेंटिंग दसऱ्यानंतर काढावे.

मोटार पुढे विकायची म्हणून ती नवीकोरी दिसली पाहिजे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु जाणता गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजणारे यंत्र फिरवतो, आणि पुन्हा रंगवलेला दरवाजा त्याच्या मनात अपघाताचाच संशय उत्पन्न करतो. विम्याचा हिशेबही तपासून पाहावा: किरकोळ दाव्यापायी पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला नो-क्लेम बोनस सामान्यतः हातचा जातो, आणि झीरो-डेप्रिसिएशनची जोड नसेल तर रंगाच्या साहित्याची निम्मी किंमतही मालकाच्याच खिशातून जाते. ज्या ओरखड्याने पत्रा गंजणार नाही, त्याच्यासाठी इतका खर्च करणे हा व्यवहार नव्हे, केवळ हौस होय. आणि ती पुरवायचीच असेल, तर निदान कोरड्या ऋतूत पुरवावी.