चेंडू कोणाच्या हाती द्यावयाचा?

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर विदर्भाच्या संघाने केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राखला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीच्या बळावर रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. त्या हंगामात विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने ६९ बळी मिळविले. रणजी स्पर्धेच्या एका हंगामात इतके बळी त्यापूर्वी कोणालाही मिळाले नव्हते. साहजिकच कौतुकाचा मोठा वाटा या आकड्याकडे गेला. परंतु आकडा डोळ्यांत भरला की त्यामागचा निर्णय नजरेआड होतो. गोलंदाज चेंडू टाकतो हे खरे, पण तो त्याच्या हाती कोणी तरी द्यावा लागतो. कोणाच्या हाती, केव्हा व किती वेळ द्यावयाचा, हा प्रश्न कर्णधाराला दिवसभर सोडवावा लागतो आणि तो प्रश्न मूलतः अर्थशास्त्राचा आहे.

साधने मर्यादित असणे आणि त्यांचे पर्यायी उपयोग अनेक असणे, ही अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातील परिस्थिती क्रिकेटच्या मैदानावर जशीच्या तशी आढळते. चार वा पाच दिवसांच्या सामन्यात दिवसाला साधारणतः ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू टाकले जातात. संघात गोलंदाजी करू शकणारे पाच-सहा जण असतात. एकास दिलेले षटक दुसऱ्यास मिळत नाही. एकाच गोलंदाजाने लागोपाठ दोन षटके टाकू नयेत, एवढेच बंधन नियमाने घातलेले आहे. बाकी सारे कर्णधाराच्या विवेकावर सोपविलेले असते.

या वाटपाची दोन सोपी उत्तरे लोकांच्या मनात असतात. पहिले असे की, जो सर्वांत चांगला त्यालाच जास्तीत जास्त चेंडू द्यावा. दुसरे असे की, सर्वांना सारखे द्यावे म्हणजे कोणाची तक्रार राहत नाही. पहिल्यात कार्यक्षमतेचा आणि दुसऱ्यात न्यायाचा आभास आहे. दोन्ही उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत.

पहिल्या उत्तरातील उणीव घटत्या सीमान्त फलाच्या नियमात सापडते. उत्तम गोलंदाजाचे पहिले षटक आणि सव्विसावे षटक यांची किंमत सारखी नसते. हात थकतो, टप्पा सुटू लागतो, आणि फलंदाजाला त्याचा चेंडू ओळखीचा होत जातो. म्हणून कर्णधाराने पाहावयाचे ते त्या गोलंदाजाची हंगामातील सरासरी नव्हे, तर यापुढचे एक षटक त्याच्याकडून काय देऊन जाईल, हे होय. थकलेल्या श्रेष्ठ गोलंदाजाचे पुढचे षटक ताज्या दमाच्या मध्यम गोलंदाजाच्या षटकाहून कमी मोलाचे ठरू लागले, की त्याच क्षणी चेंडू दुसऱ्याच्या हाती जावयास हवा. समसीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त वर्गात फळ्यावर रेषा काढून शिकविला जातो. मैदानावर तो घामाने शिकावा लागतो.

याचे ठळक उदाहरण २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दिसले. पाच कसोटी सामन्यांत जसप्रीत बुमराहने १५१.२ षटके टाकली आणि ३२ बळी घेतले. बळींच्या संख्येत भारताच्या दुसऱ्या कोणाही गोलंदाजास त्याच्या जवळपास जाता आले नाही. संकट आले की चेंडू बुमराहकडे, हा जणू नेमच झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या अखेरच्या सामन्यात तोच कर्णधार होता. त्याची पाठ दुखावली, आणि ऑस्ट्रेलियाला विजयासाठी १६२ धावा हव्या असताना दुसऱ्या डावात तो एकही चेंडू टाकू शकला नाही. भारताने तो सामना सहा गडी राखून गमावला व मालिका ३-१ अशी हातची गेली. पुढे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बुमराहला पाचांपैकी तीनच सामने खेळवावयाचे, असे आधीच ठरविण्यात आले. भारताने जे दोन सामने जिंकले, एजबॅस्टनचा व ओव्हलचा, त्या दोहोंत तो नव्हता. एवढ्यावरून बुमराह संघात नसणेच बरे, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. निघतो तो इतकाच की, ज्यांच्या हाती चेंडू क्वचित पडत होता, त्यांच्या अंगचे सामर्थ्य चेंडू हाती पडल्यावाचून कळण्याची सोय नव्हती.

सरासरीवर विसंबण्यात आणखीही एक घोटाळा आहे. बळी हे संयुक्त उत्पादन असते आणि धावफलक ते एकाच्याच खात्यावर मांडतो. एका टोकाकडून धावा मिळेनाशा झाल्या की फलंदाज दुसऱ्या टोकाकडे धोका पत्करतो आणि तेथे बाद होतो. १९६४ च्या जानेवारीत मद्रासच्या कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णी यांनी इंग्लंडच्या पहिल्या डावात ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती, धावा फक्त पाच गेल्या, आणि बळी एकही नाही. त्याच डावात पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी पाच बळी घेतले. बळींच्या रकान्यापुरते पाहणाऱ्यास नाडकर्णींची ती ३२ षटके फुकट गेली असेच वाटेल. प्रत्यक्षात एकाने आवळलेल्या दोराचे टोक दुसऱ्याच्या हाती होते. चेंडूचे वाटप केवळ बळींच्या हिशेबाने करणारा कर्णधार नाडकर्णींना गमावतो, आणि त्यांच्या पाठोपाठ बोर्डे यांचे बळीही गमावतो.

आता दुसऱ्या उत्तराकडे, म्हणजे समान वाटपाकडे वळू. एकदिवसीय सामन्यात एका गोलंदाजास जास्तीत जास्त दहा व वीस षटकांच्या सामन्यात चार षटके टाकता येतात. म्हणजे तेथे निदान पाच जणांत वाटप करणे सक्तीचे आहे. हे एक प्रकारचे रेशनिंगच होय. त्याचा परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रतिपक्ष चांगल्या गोलंदाजांची षटके सांभाळून खेळतो आणि पाचवा दुबळा गोलंदाज येताच त्याच्यावर तुटून पडतो. सक्तीच्या वाटपाने संघांना पाचवा गोलंदाज तयार करावा लागला, हा लाभ नाकारता येत नाही. परंतु वाटप आले म्हणून गुणवत्ता आपोआप येत नाही. ती आधी घडवावी लागते.

लांब पल्ल्याच्या सामन्यात तर समान वाटप हे काही वेळा कर्तव्यच्युतीच ठरेल. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भ आणि कर्नाटक यांच्यात रणजीचा उपान्त्य सामना झाला. कर्नाटकास विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. अखेरच्या दिवशी ८७ धावा आणि तीन गडी शिल्लक होते. भारतीय संघातून खेळणारा उमेश यादव विदर्भाच्या ताफ्यात असतानाही त्या डावाचा भार अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या रजनीश गुरबानी या तरुणावर पडला. त्याने ६८ धावांत सात बळी घेतले आणि विदर्भाने सामना पाच धावांनी जिंकला. त्या सकाळी न्यायाच्या नावाखाली सर्वांना दोन-दोन षटके देणारा कर्णधार विदर्भाच्या इतिहासात दोषीच ठरला असता. चेंडू ज्याच्या हातून बोलत होता, त्याच्याच हाती तो राहणे योग्य होते. येथे नावलौकिक पाहिला गेला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

मग योग्य उत्तर कोणते? विदर्भाच्या तीन विजेतेपदांकडे एकत्रित पाहिले तर त्याचा माग लागतो. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या संघाने साठ वर्षे करंडकाचे तोंड पाहिले नाही. इंदूरला दिल्लीविरुद्ध खेळलेला अंतिम सामना १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून जिंकला. पहिल्या डावात गुरबानीने हॅट्ट्रिकसह सहा बळी घेतले. दुसऱ्या डावात मात्र अक्षय वखरे आणि आदित्य सरवटे या फिरकी जोडीने काम फत्ते केले. उमेश यादव दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला होता, आणि आदित्य ठाकरे या एकोणीस वर्षांच्या मुलास कर्णधार फैज फजल व प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांनी अंतिम सामन्यातच पदार्पणाची संधी दिली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले. आणि २०२५ मध्ये दुबेचे नाव पुढे आले. तोवर सरवटे केरळच्या संघात गेला होता आणि त्याच अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध त्याने ७९ धावांची झुंजार खेळी केली.

तीन करंडक, आणि प्रत्येक वेळी चेंडूचा मुख्य मानकरी वेगळा. ज्या घरात एकच कमावता असतो, त्या घरावर त्याच्या आजारपणात आकाश कोसळते. ज्या घरात कमावण्याची सवय दोघा-तिघांना लावलेली असते, ते घर तरते. विदर्भाचे यश या दुसऱ्या प्रकारचे आहे. दुय्यम गोलंदाजास दिलेले षटक हा आजचा खर्च वाटला तरी ती उद्याची भांडवलनिर्मिती असते. ही गुंतवणूक केव्हा करावयाची आणि केव्हा आखडती घ्यावयाची, याचे तारतम्य म्हणजेच नेतृत्व.

येथे कोणी विचारील की, मग एकट्या दुबेच्या ६९ बळींचे काय? ज्या संघात वाटप नीट आहे, तेथे एकाच्या नावावर एवढे बळी कसे? शंका रास्त आहे. परंतु केंद्रीकरण हा स्वतःच दोष नाही. दुसरा मार्गच नसल्यामुळे झालेले केंद्रीकरण हा दोष होय. ज्या अंतिम सामन्याने हंगामाचा निकाल लागला, त्यात केरळचा पहिला डाव ३४२ धावांत संपला तेव्हा दर्शन नळकांडे, हर्ष दुबे आणि पार्थ रेखडे या तिघांनी प्रत्येकी तीन बळी घेतले होते. विक्रमवीराच्या बरोबरीने आणखी दोघे उभे राहिले म्हणूनच ३७ धावांची ती निर्णायक आघाडी मिळाली.

हा विचार रणजीच्या मैदानापुरताच राहिला तर त्याचे महत्त्व करमणुकीएवढेच उरेल. खरा प्रश्न शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावर आहे. आंतरशालेय स्पर्धांत जो मुलगा वेगाने चेंडू टाकतो, त्याच्याकडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोलंदाजी करून घेण्याचा मोह आवरत नाही. ढाल शाळेच्या कपाटात येते. पाठीच्या मणक्यावर पडलेला ताण मात्र मुलाबरोबर घरी जातो. वाढत्या वयातील वेगवान गोलंदाजांना कमरेच्या मणक्याचे ताणजन्य अस्थिभंग होतात, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयोगटानुसार अशा मुलांच्या षटकांवर मर्यादा घातल्या आहेत, त्या याच कारणाने. आणि दुसरे नुकसान मोजलेही जात नाही. सीमारेषेवर उभी असलेली दहा मुले वर्षभर चेंडू हाती न येताच शाळा सोडून जातात. त्यांच्यात एखादा गुरबानी होता की नाही, हे कोणालाच कधी कळत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. शालेय सामन्यांत प्रत्येक गोलंदाजाच्या षटकांवर वयानुसार कमाल मर्यादा असावी. मुलाने हंगामात एकंदर किती षटके टाकली याची नोंद शाळेने एका वहीत ठेवावी, आणि निवड करणाऱ्यांनी बळींबरोबर तीही वही पाहावी. निदान पाच मुलांना गोलंदाजी दिल्यावाचून साखळीतील सामना पूर्ण होऊ नये. बाद फेरीत मात्र कर्णधारास मोकळीक असावी. संधीचे किमान वाटप नियमाने आणि त्यावरील वाटप विवेकाने, असा हा मेळ आहे.

कचेऱ्यांतून आणि शाळांतून काम करणाऱ्यांना याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. जो कारकून फाइल वेळेवर निकालात काढतो, त्याच्याच टेबलावर पुढची फाइल येऊन पडते. ज्या शिक्षकास वेळापत्रक लावता येते, त्याच्याकडेच स्नेहसंमेलन, परीक्षा आणि जनगणना ही सारी कामे चालत येतात. साहेबांना वाटते की काम चोख हाती सोपविले. वस्तुतः एकाची उमेद झिजत असते आणि इतरांची गंजत असते. तो एक माणूस रजेवर गेला की कचेरी ठप्प होते, आणि तो निवृत्त झाला की त्याच्या जागी बसण्यास कोणी तयार नसतो. हा दैवयोग नव्हे. वर्षानुवर्षे चेंडू एकाच्याच हाती ठेवल्याचा तो हिशेब असतो, आणि तो चुकता करण्याची वेळ बहुधा सामन्याच्या अखेरच्या दिवशीच येते.