रेषा सपाट झाली की सावध व्हावे

महिन्याच्या ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत बाळाला वजनकाट्यावर ठेवले की आईची नजर आधी आकड्यावर जाते. समजा, मुलगी दहा महिन्यांची आहे आणि काटा ७.४ किलो दाखवतो. मागच्या महिन्यातही तेवढेच होते. ''कमी तर झाले नाही ना, मग ठीक आहे,'' असे म्हणून आई लेकीला कडेवर घेते. पण अंगणवाडीच्या ताई तिला थांबवतात. वाढीचा तक्ता उघडून त्या दहाव्या महिन्यावर ठिपका देतात आणि मागचे ठिपके त्याला जोडतात. सहाव्या महिन्यात ७.२, सातव्यात ७.३, आठव्यात ७.३, नवव्यात ७.४ आणि आता पुन्हा ७.४.

ठिपका अजून हिरव्या पट्ट्यातच आहे, म्हणजे वयाच्या मानाने वजन अजून ठीक आहे. पण तक्त्यावर छापलेल्या रेषा वर चढत चालल्या आहेत आणि या मुलीची रेषा मात्र जवळजवळ आडवी झाली आहे. ''हिला वरचे खाणे काय देता?'' ताई विचारतात. आई गप्प होते. चार महिन्यांत लेकीचे वजन जेमतेम २०० ग्रॅमने वाढले, हे तिच्या आता लक्षात येते.

हे पाचही आकडे वहीत आधीपासून लिहिलेले होते. तिथे ते कुणाशी बोलले नाहीत. ठिपके जोडताच बोलू लागले. आकड्यांना असे डोळ्यांसमोर आणण्याच्या विद्येला संगणकाच्या जगात 'डेटा व्हिज्युअलायझेशन' असे भारदस्त नाव आहे, आणि अशी अनेक चित्रे एकाच पडद्यावर मांडली की त्याला 'डॅशबोर्ड' म्हणतात. नावे ऐकून बिचकण्याचे मात्र काही कारण नाही. वाढीचा तक्ता ज्याला समजला, त्याला या विद्येची अर्धी बाराखडी आली.

परिचारिकेने काढलेले चित्र

या विद्येने माणसांचे प्राण कसे वाचतात, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कामातून दिसते. हातात दिवा घेऊन रुग्णांमध्ये फिरणारी परिचारिका म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. आकडेशास्त्रातील त्यांचा अधिकार मात्र फारसा सांगितला जात नाही.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमी ब्रिटिश सैनिकांच्या सेवेसाठी त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेल्या. सैनिक मरतो तो शत्रूच्या गोळीने, अशीच लोकांची समजूत होती. नोंदी वेगळेच सांगत होत्या. एकट्या जानेवारी १८५५ मध्ये जखमांमुळे ८३ सैनिक दगावले, तर टाळता येण्याजोग्या साथीच्या रोगांनी २,७६१ जणांचा बळी घेतला. इतर कारणांनी ३२४ मृत्यू झाले.

युद्ध संपल्यावर, १८५८ मध्ये, नाइटिंगेल यांनी या आकड्यांचे चित्र काढले. वर्षाचे बारा महिने वर्तुळाच्या बारा फाकांसारखे मांडले. रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल आणि इतर काळ्या. निळा रंग इतका पसरला होता की लाल शोधावा लागे. मार्च १८५५ पासून आरोग्य आयोगाने गटारे साफ करून घेतली, रुग्णालयात हवा खेळती केली. त्यानंतरच्या महिन्यांत निळ्या फाका आक्रसत गेलेल्याही त्याच चित्रात दिसत होत्या. लांबलचक कोष्टके वाचायला ज्यांना सवड नव्हती, त्या सत्ताधाऱ्यांनाही एका दृष्टिक्षेपात कळावे की शत्रू घाणीत दडला आहे. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आधी प्रश्न, मग चित्र

अंगणवाडीचा तक्ता असो की नाइटिंगेल यांचे वर्तुळ, दोन्हींत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक चित्र एकाच प्रश्नाचे उत्तर देते. 'मूल वाढते आहे का?' आणि 'सैनिक कशाने मरत आहेत?' नवशिक्याची चूक होते ती इथेच. हाती आकडे आले की तो आधी रंग निवडतो आणि प्रश्न विसरतो.

प्रश्न ठरला की चित्राचा प्रकार आपोआप ठरतो. काळाबरोबर काय बदलले हे पाहायचे असेल तर रेषा काढावी. बारा महिन्यांची विजेची बिले घेऊन आलेख कागदावर ठिपके मांडले, तर मे महिन्यातील पंख्या-कूलरची चढण लगेच दिसते. वर्षाची सरासरी काढली तर तीच चढण लपून जाते. दोन-चार गोष्टींची तुलना करायची असेल तर स्तंभ उभे करावेत: किराणा, शाळेची फी, औषधे, प्रवास. एका पूर्ण गोष्टीतील वाटे दाखवायचे असतील तर वर्तुळाचे तुकडे चालतात. पण तुकडे चार-पाचच असावेत. दहा-बारा झाले की कोणता मोठा आणि कोणता लहान, ते डोळ्यांना ठरवता येत नाही. रेषा आणि स्तंभ यांचा असा वापर स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ च्या पुस्तकात केला आणि वर्तुळाचे तुकडे १८०१ मध्ये दाखवले. आजचा संगणक काढतो ती चित्रे इतकी जुनी आहेत.

आणि प्रश्न 'कुठे?' असा असेल तर नकाशा हवा. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली. नंतर प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घराशी एक काळी रेघ देऊन त्यांनी नकाशा तयार केला. रेघांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती झाली होती. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे स्नो यांचे म्हणणे तो नकाशा पाहणाऱ्याच्या गळी उतरवतो.

चित्रही फसवते

चित्र बोलते म्हणून ते नेहमी खरेच बोलते असे नाही. एका शाळेचा निकाल ९० टक्के आणि दुसरीचा ९२ टक्के लागला. स्तंभ शून्यापासून काढले तर ते जवळजवळ सारखे दिसतील. पण कुणी मोजपट्टी ८८ पासून सुरू केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या बरोबर दुप्पट उंच होईल! आकडा खोटा नाही, पण चित्र खोटे आहे. म्हणून जाहिरातीतील स्तंभ पाहताना आधी तळाशी नजर टाकावी.

दुसरी फसगत करोनाच्या काळात घरोघरी झाली. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलेला जगाचा डॅशबोर्ड मार्च २०२३ पर्यंत चालू होता आणि त्यातील आकडे रोज बातम्यांत झळकत. त्यातील एकूण रुग्णसंख्या पाहून अनेकांची छाती दडपे. पण एकूण बेरजेची रेषा कधी खाली येतच नाही. साथ ओसरली तरी ती वरच राहते. साथ वाढते आहे की उतरते आहे, हे कळायला रोजच्या नव्या रुग्णांची रेषा पाहावी लागे. दोन्ही आकडे खरे. प्रश्न मात्र वेगळे.

भिंतीवरचा डॅशबोर्ड

'डॅशबोर्ड' हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. पुढे मोटारी आल्या, त्यातील वेगाचा आणि पेट्रोलचा काटा तिथेच बसला आणि नाव कायम राहिले. मोटारीच्या फळीवर इंजिनाची सगळी माहिती नसते. चालवणाऱ्याला ज्यावरून काही करायचे आहे तेवढेच असते: वेग जास्त, पाय उचला, पेट्रोल संपत आले, पंप शोधा. चांगल्या डॅशबोर्डची कसोटी हीच. ज्या आकड्याने कुणी काही करणार नाही, तो तिथे नसावा.

या कसोटीला मराठी घरातील भिंतीवरची दिनदर्शिका पुरेपूर उतरते. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, लसीचा दिवस. सगळे एका नजरेत, आणि प्रत्येक नोंदीमागे एक काम. तिच्यात एक मोठा धडाही आहे. दूध आले नाही म्हणून मारलेली फुली वेगळी आणि लिहायचेच विसरले म्हणून राहिलेला कोरा चौकोन वेगळा. महिनाअखेर दूधवाल्याशी हुज्जत होते ती बहुधा या दोहोंची गल्लत झाल्याने. संगणकावरही तसेच. मोजले नाही तिथे शून्य लिहू नये. जागा कोरी ठेवावी. बाळ एखाद्या महिन्यात गावी गेले म्हणून वजन झाले नाही, तर तक्त्यावर त्या महिन्याचा ठिपका अंदाजाने देऊ नये.

चित्र तयार झाले की त्याला नाव द्यावे, एकक लिहावे, आकडे कुठले आणि कोणत्या तारखेचे तेही नोंदवावे. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवून विचारावे, ''यातून काय कळते?'' उत्तर मनातल्या प्रश्नाशी जुळले, तर चित्र जमले.

आता अंगणवाडीच्या ताईंच्या हाती मोबाइल आहे आणि २०२१ पासून वजनाच्या नोंदी 'पोषण ट्रॅकर'वरही होतात. पण पडदा कागदाचा असो की काचेचा, तो बाळाला भरवत नाही. ताईंच्या सांगण्यावरून त्या आईने मऊ खिचडीत चमचाभर तूप घातले, दोनाऐवजी चार वेळा भरवायला सुरुवात केली आणि लेकीला डॉक्टरांनाही दाखवून आणले, तर पुढच्या महिन्यांत ती आडवी रेषा पुन्हा वर वळू शकेल. ठिपके जोडायचे ते त्यासाठीच.