मुलांना थंडीतला एक आठवडा द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य;
सर्व जिल्ह्यांचे शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक;
राज्यातील थीम पार्क आणि वॉटर पार्कचे व्यवस्थापन

विषय : सहकुटुंब सहलीसाठी हिवाळ्यात विभागवार सुट्टी मिळण्याबाबत



थीम पार्कला वर्षातून कधी जावं, याचं उत्तर महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळी उलटली की नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, नाताळचा आठवडा आणि २६ जानेवारीची जोडून आलेली सुट्टी टाळून, सोमवार ते शुक्रवारातल्या कुठल्याही वारी. तेव्हा ऊन सोसवतं, पाऊस नसतो, रांगा छोट्या असतात आणि तिकीटही बहुधा स्वस्त पडतं. वॉटर पार्कला जायचं असेल तर थंडीतलं सकाळचं पाणी अंगाला झोंबतं, तेव्हा फेब्रुवारीअखेर किंवा मार्चची सुरुवात बरी. उत्तर इतकं सरळ आहे. तरी शाळकरी मुलांच्या आईवडिलांना त्याचा उपयोग नाही, कारण त्या दिवसांत शाळा चालू असते. सुट्टी मिळते दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि अख्खा महाराष्ट्र त्याच दिवसांत घराबाहेर पडतो.

सहलीची तारीख आम्ही ठरवतो असं म्हणायचं खरं, पण ती ठरते तुमच्या परिपत्रकाने आणि तुमच्या दरपत्रकाने. म्हणून हे पत्र तुम्हाला.

गर्दीने नेमकं काय बिघडतं, ते आधी सांगतो. कुठलीही राइड तासाला ठरावीक माणसंच घेऊ शकते. समजा, एका गाडीत २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ४८० जण. रांगेत तुमच्यापुढे दोनशे माणसं असली तर २५ मिनिटांत नंबर लागतो. चौदाशे असली तर जवळजवळ तीन तास. पार्क तेच, राइड तीच, तिकीटही तेच किंवा थोडं जास्तच. पण जानेवारीतल्या मंगळवारी जे मूल दहा राइड करून हसत बाहेर पडतं, तेच मूल मे महिन्यातल्या रविवारी जेमतेम तीन-चार राइड करतं आणि उरलेला दिवस रांगेत काढतं. गर्दी वाढली म्हणून पार्कला राइडचा वेग वाढवता येत नाही, आणि सुरक्षिततेसाठी तो वाढवूही नये. म्हणून इथे सगळा प्रश्न तारखेचा आहे.

त्यात मे महिन्याचं ऊन. खोपोलीजवळचं इमॅजिका ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तिथली उष्णता दमट असते, घाम वाळत नाही आणि शरीर तापत राहतं. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यात खारघरच्या मैदानावर एका जाहीर सोहळ्यासाठी उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. तो प्रसंग वेगळा होता, गर्दी कितीतरी मोठी होती, हे मला कळतं. पण कोकणपट्टीतल्या एप्रिल-मेच्या उन्हात माणसांना तासन् तास उघड्यावर ठेवायचं नसतं, हा धडा सगळ्यांसाठी सारखाच आहे. एका पार्कात मे महिन्यातल्या दुपारी मी पाहिलेलं सांगतो. नागमोडी रांगेवरचं पत्र्याचं छत अर्ध्यावर संपलं होतं. पुढची रांग उन्हात. 'येथून ९० मिनिटे' अशी पाटी होती आणि तिच्या अलीकडे अजून पाच-सहा वळणं भरलेली होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी तापलेल्या लोखंडी कठड्याला हात लावता येईना म्हणून फ्रॉकचा घेर हाताला गुंडाळून तो धरून उभी होती. घरून आणलेली पाण्याची बाटली फाटकावरच काढून घेतलेली, आणि पाणी विकत घ्यायला रांग सोडून जायची तिच्या आईची छाती होत नव्हती. नंबर गेला असता.

मे टाळावा तर पुढे पाऊस. जून ते सप्टेंबर खोपोलीच्या बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याशी तो मुसळधार कोसळतो. विजा चमकू लागल्या की उंच, उघड्यावरच्या राइड बंद ठेवाव्याच लागतात. घाटातही तासन् तास अडकण्याची धास्ती असते. मग ऑक्टोबर हीट, आणि त्यानंतर दिवाळीची सुट्टी. तेव्हा हवा बरी असते, पण भाऊबीज झाली की सगळेच निघतात. एसटीने तर दिवाळीतली १० टक्के हंगामी भाडेवाढ कित्येक वर्षं केली आहे.

आणि मे महिना मुळात थीम पार्कचा नाहीच. तो आजोळाचा, आंब्या-फणसाचा, लग्नकार्याचा. मुंबई-पुण्यातल्या किती मुलांना गावाकडची माणसं वर्षातून तेव्हाच भेटतात! त्या सुट्टीचे लचके तोडा, असं मी म्हणत नाही.

आता शाळांकडे वळतो. मुख्याध्यापकहो, तुम्ही स्वतः सहल काढता तेव्हा कुठला महिना निवडता? डिसेंबर किंवा जानेवारी, आणि तोही आठवड्याच्या मधला वार. थंडीत कुठल्याही थीम पार्कच्या फाटकावर सकाळी उभं राहावं, शाळांच्या बसच्या रांगा दिसतात. मुलांसाठी उत्तम हंगाम कोणता हे तुम्हाला आमच्याइतकंच नेमकं कळतं. शैक्षणिक सहलींना एसटी ५० टक्के सवलतही देते. हे सगळं चांगलंच आहे. पण शाळेच्या सहलीत आई नसते, आजोबा नसतात, धाकटी बहीण नसते. पहिल्यांदा उंच राइडमध्ये बसताना ज्याचा हात घट्ट धरायचा, ते माणूस नसतं. शाळेला जो हंगाम मिळतो, तोच घरालाही मिळावा, एवढंच मागणं आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. शाळांच्या एकूण सुट्ट्या वर्षाला ७६ पेक्षा जास्त होऊ नयेत, असा आपला दंडक आहे. उन्हाळी किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी थोडी कमी करून गणेशोत्सव किंवा नाताळसारख्या सणांना ती समायोजित करता येते, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, असंही शिक्षण विभागाची परिपत्रकं सांगत आली आहेत. कोकणातल्या घरांना गणपतीचं मोल काय आहे हे तुम्ही ओळखलंत, म्हणून ही वाट ठेवलीत. त्याच वाटेने उन्हाळ्यातले तीन आणि दिवाळीतले दोन असे पाच दिवस हिवाळ्यात आणा. मागेपुढे शनिवार-रविवार जोडले की आठवडा होतो. शिक्षण हक्क कायद्याने ठरवलेले पहिली ते पाचवीचे २०० आणि सहावी ते आठवीचे २२० कामाचे दिवस जसेच्या तसे राहतात. दिवस कमी होत नाहीत, फक्त जागा बदलतात.

पण हा आठवडा राज्यभर एकाच वेळी देऊ नका. नाहीतर मे महिन्याची गर्दी तेवढी जानेवारीत येईल. हवामान पाहून तारखा वेगळ्या ठेवणं आपल्याला नवं नाही. २०२५ साली उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि विदर्भातल्या २३ जूनला, कारण तिथलं ऊन तोवर ओसरलेलं नसतं. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. विजेचा भार सगळ्यांकडून एकाच दिवशी पडू नये म्हणून सुट्ट्यांचे वार वाटून देण्याची ही रीत. या गुरुवारवाल्या कामगारांचा इथे मुद्दाम विचार करा. त्यांची सुट्टी आणि मुलांचा रविवार वर्षभर एकमेकांना भेटत नाहीत. आठवडाभर शाळा बंद असेल तर त्यात एक गुरुवार नक्की येतो.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न दोन तऱ्हांनी हाताळला आहे. फ्रान्समध्ये हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या सुट्ट्यांसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत आणि त्यांच्या तारखा पुढेमागे ठेवल्या जातात. नेदरलँड्सचेही तीन विभाग आहेत. जर्मनीत उन्हाळी सुट्टी राज्याराज्यांत वेगवेगळ्या आठवड्यात सुरू होते. दुसरी तऱ्हा इंग्लंडची. तिथे २०१५ साली आइल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी शाळा चालू असताना मुलीला फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला नेलं. त्यांना ६० पौंड दंड झाला, तो न भरल्याने १२० झाला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. शाळा बुडवू नये, हे मलाही मान्य आहे. पण शिक्षा करून पालकांची निकड संपत नाही. तारखा विभागल्या की ती निकडच उरत नाही. आपण पहिला मार्ग घ्यावा.

माझी सूचना अशी. कोकण विभागाला, म्हणजे मुंबई-ठाण्यासह, डिसेंबरचा दुसरा आठवडा. पुणे आणि नाशिक विभागांना जानेवारीचा दुसरा. छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूरला जानेवारीचा तिसरा. नाताळचा आठवडा मोकळा राहतो, दहावी-बारावीच्या परीक्षांनाही धक्का लागत नाही. स्नेहसंमेलनं आणि क्रीडा स्पर्धा या तारखा सोडून घेता येतील. नांदेड किंवा चंद्रपूरच्या कुटुंबाला खोपोली गाठायला एक रात्र जाताना आणि एक येताना लागते. त्यांना सुटा शनिवार-रविवार कधीच पुरत नाही. सलग आठवडा मिळाला तर त्यांची मुलंही येतील. ज्यांना थीम पार्क नको त्यांनी अजिंठ्याला जावं, गडावर जावं, घरी बसून पतंग उडवावेत. आठवडा त्यांचाच आहे.

आणि तारखा आधी सांगा. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. तोवर कित्येकांची रेल्वेची तिकिटं काढून झाली होती. ज्यांचं एक मूल राज्य मंडळाच्या आणि दुसरं सीबीएसईच्या शाळेत आहे, त्यांना तर दोन वेळापत्रकांची सांगड घालताना नाकी नऊ येतात. पूर्ण वर्षाचं सुट्ट्यांचं वेळापत्रक शाळा उघडण्यापूर्वी हाती यावं आणि ते पाळलं जावं.

पार्क चालवणाऱ्यांनो, आता तुमच्याशी. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून मराठी घरांनी तुमचा धंदा आपुलकीने वाढवला. ते २०२२ मध्ये बंद झालं तेव्हा किती घरांत जुने फोटो बाहेर निघाले! खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका आलं, त्यालाही लोकांनी आपलं म्हटलं. या मायेला तुम्ही जागावं म्हणून चार गोष्टी मागतो.

कोणती राइड कोणत्या तारखांना दुरुस्तीसाठी बंद आहे, ते तिकिटाचे पैसे घेण्याआधी मराठीत स्पष्ट दाखवा. कमी गर्दीच्या दिवसांत देखभालीची कामं काढणं योग्यच आहे, पण ज्या राइडसाठी मूल सहा महिने दिवस मोजतं, ती बंद आहे हे त्याला आत आल्यावर कळू नये. दुसरं, एका दिवसाच्या तिकिटांना मर्यादा घाला आणि ती जाहीर करा. तिसरं, अख्ख्या रांगेवर सावली करा, रांगेतच पिण्याचं पाणी फुकट द्या, घरची बाटली आत येऊ द्या. चौथं, विजांमुळे किंवा पावसामुळे मोठ्या राइड बंद राहिल्या तर त्याच तिकिटावर दुसऱ्या दिवशी प्रवेश द्या.

आणि शासनाने हा हिवाळी आठवडा दिला तर त्याला 'गर्दीचा हंगाम' ठरवून दर चढवू नका. सवलतीच्या दरात नेहमीच्या वारी यायला जमतं ते मोकळा वेळ असलेल्यांना. ज्याला रजा मोजून मिळते आणि मुलांच्या शाळेने बांधून घातलं आहे, तो सगळ्यात महागड्या दिवशी येतो आणि सगळ्यात लांब रांगेत उभा राहतो. जास्त पैसे भरून पुढच्या रांगेत जाणं त्याला झेपत नाही. वर्षभर पैसे साठवून एकदाच येणाऱ्या रिक्षावाल्याच्या, दुकानातल्या नोकरदाराच्या, अंगणवाडीताईंच्या मुलांना तो एक दिवस पुरेपूर मिळावा.

काही जण म्हणतील, राज्यात शाळांचे एवढे गंभीर प्रश्न असताना हे काय घेऊन बसलात? पडक्या वर्गखोल्या आणि रिकामी शिक्षकपदं हे मोठे प्रश्न आहेत, ते आधी सोडवा. पण त्यांना पैसा आणि वर्षं लागतात. या कामाला एक बैठक आणि एक परिपत्रक लागतं. आईवडिलांबरोबर घालवलेले चांगले दिवस ही मुलाच्या वाढीतली क्षुल्लक बाब नाही, आणि ती फक्त रजा-पैसा हाताशी असलेल्यांची मिरासही असू नये.

पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या सुट्ट्या ठरवायला बसाल तेव्हा हा विषय विषयपत्रिकेवर घ्या. सगळ्या राज्यात एकदम करणं जड वाटत असेल तर एका विभागात एक वर्ष करून पाहा. शिक्षकांना विचारा, पालकांना विचारा, मुलांनाही विचारा. आणि जो निर्णय घ्याल तो मेअखेरपर्यंत जाहीर करा, म्हणजे आम्हाला रजेचे अर्ज वेळेवर देता येतील.

कळावे,

आपला,
शाळेत जाणाऱ्या दोन मुलांचा पालक