विश्लेषण : तीन दिग्गज गिटारवादक, एक गाजलेला माहितीपट आणि न विचारलेला प्रश्न!

‘इट माइट गेट लाऊड’ या माहितीपटात रॉक संगीतातील तीन पिढ्यांचे तीन गिटारवादक एकत्र आले. बहुतेक समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. आक्षेपही घेतले गेले, पण ते प्रामुख्याने ‘यात संघर्ष नाही’ या मुद्द्याभोवती फिरले. कलावंतांच्या संमतीने बनणाऱ्या संगीत-माहितीपटांची लाट आलेली असताना या चित्रपटाच्या मूल्यमापनाकडे पुन्हा पाहणे गरजेचे ठरते. कारण त्याची खरी मर्यादा वेगळीच आहे.

काय आहे हा माहितीपट?

हवामान बदलावरील ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक डेव्हिस गुगनहाइम यांचा हा माहितीपट. २००८च्या टोरांटो चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि २००९मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज (जन्म १९४४), ‘यू-टू’चे द एज (जन्म १९६१) आणि ‘द व्हाइट स्ट्राइप्स’चे जॅक व्हाइट (जन्म १९७५) हे त्याचे तीन नायक. जानेवारी २००८मध्ये लॉस एंजेलिसमधील एका स्टुडिओत तिघांना समोरासमोर बसवण्यात आले. ही भेट आणि प्रत्येकाची स्वतंत्र सफर, असा या चित्रपटाचा साचा आहे. पेज इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जातात, एज डब्लिनमधील आपल्या शाळेत परततात. अखेरीस तिघे मिळून ‘द बँड’ या समूहाचे ‘द वेट’ हे गाणे वाजवतात.

समीक्षकांना काय आवडले?

गाजलेले वादक हातात वाद्य घेऊन स्वतःची रीत उलगडून दाखवतात, ही या चित्रपटाची सर्वात मोठी मिळकत. सुरुवातीलाच व्हाइट लाकडी फळी, खिळे, तार आणि काचेची बाटली यांतून एकतारी वाद्य तयार करतात, त्याला पिकअप जोडतात आणि ते वाजवूनही दाखवतात. एज आपली सगळी इफेक्ट यंत्रे बंद करतात, तेव्हा भव्य वाटणारी सुरावट प्रत्यक्षात किती साधी आहे हे ऐकू येते. आपला आवाज यंत्रांवर किती अवलंबून आहे, हे एवढा मोठा वादक लपवत नाही. ‘लेड झेपलिन’चा हा दिग्गज लिंक रे यांच्या ‘रम्बल’ची तबकडी लावून शाळकरी मुलासारखा हवेत गिटार वाजवतो, तो प्रसंग तर अनेकांच्या कायमचा लक्षात राहिला. मद्य, अमली पदार्थ, भांडणे आणि फाटाफूट या ठरलेल्या वाटेने न जाता चित्रपट वाद्याकडे पाहतो, याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

आक्षेप कोणते?

तिघांच्या भेटीतून फारसे काही घडत नाही, ही एक तक्रार. वाद नाही, चढाओढ नाही. सगळे एकमेकांशी आदराने वागतात. दुसरी तक्रार निवडीबद्दल. हेच तिघे का, असा प्रश्न गिटारप्रेमींमध्ये साहजिकच उपस्थित झाला. व्हाइट स्वतःच्याच नऊ वर्षांच्या रूपाला, म्हणजे एका लहान मुलाला, धडे देत फिरतात. काहींना तो प्रकार कृत्रिम वाटला. दिग्दर्शक भक्ताच्या नजरेने पाहतो, हा या सर्वांमागचा समान सूर.

हे आक्षेप पुरेसे आहेत का?

नाहीत. भांडण नसणे हा दोष नव्हे. तीन कारागीर शांतपणे आपापली हत्यारे दाखवत असतील, तर त्यातही नाट्य असते. निवडीचा वादही न संपणारा आहे. कोणतेही तिघे घेतले तरी चौथा राहणारच. चित्रपटाला त्याच्याच प्रश्नावर तपासायला हवे आणि त्याचा प्रश्न स्पष्ट आहे: हा आवाज येतो कुठून? उत्तर शोधताना चित्रपट प्रत्येक वेळी उंबरठ्यापर्यंत जातो आणि तिथूनच मागे फिरतो. त्याची खरी मर्यादा ही आहे.

याचे उदाहरण कोणते?

हेडली ग्रेंजमधला प्रसंग घ्या. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यातील ड्रमचा घुमणारा आवाज तिथल्या उंच छताच्या दालनात कसा टिपला गेला, याची चर्चा तिथे रंगते. ही माहिती रंजक आहेच. पण मूळ गाणे १९२९मध्ये कॅन्सस जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय जोडप्याने ध्वनिमुद्रित केले होते. त्याला पार्श्वभूमी होती १९२७च्या मिसिसिपी महापुराची. मूळ ध्वनिमुद्रणात मेम्फिस मिनी या स्त्रीने गिटार वाजवली होती. म्हणजे गिटारवादकांवरील चित्रपटात, ज्या गाण्यासाठी कॅमेरा इंग्लंडच्या खेड्यात पोहोचतो, त्याच गाण्याच्या मुळाशी एक गिटारवादक स्त्री उभी आहे. ‘लेड झेपलिन’ने १९७१च्या अल्बमवर तिला श्रेय दिले होते. पण ‘होल लॉटा लव्ह’बाबत तसे घडले नव्हते. ज्येष्ठ ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी त्यातील शब्दांवरून १९८५मध्ये दावा दाखल केला, १९८७मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्यांचे नाव श्रेयनामावलीत आले. त्या गाण्याची गिटारची सुरावट मात्र पेज यांचीच. चित्रपटात ते ती वाजवतात, तेव्हा एज आणि व्हाइट यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या एकत्र सांगितल्याने पेज लहान होत नाहीत.

मग ब्लूजचा उल्लेखच नाही का?

आहे, आणि तो उत्कट आहे. व्हाइट आपले सर्वात आवडते गाणे म्हणून सन हाऊस यांचे एक गाणे ऐकवतात. त्यात गिटारच नाही, केवळ आवाज आणि टाळ्या आहेत. गिटारवादकाला घडवणारे गाणे गिटारविना असावे, हा चित्रपटातील सर्वात खोल क्षण. पण तबकडी संपते आणि सन हाऊस प्रेरणास्थान होऊन मागे राहतात. ज्यांच्यामुळे हा आवाज जन्मला त्यांना फोटो आणि तबकडी, तर ज्यांनी तो जगभर नेला त्यांना खुर्ची, अशी ही विभागणी आहे. इलेक्ट्रिक गिटार हाती घेऊन गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प यांना ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळायला २०१८ साल उजाडले. तेव्हा हा प्रश्न एका चित्रपटापुरता उरत नाही.

दिग्दर्शकांची अडचण काय असते?

संगीत-माहितीपटात गाणी हवीत, तर हक्कधारकांची परवानगी लागते. गाण्याच्या रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात. त्यामुळे कलावंत नाराज झाला तर चित्रपट मुका होण्याचा धोका असतो. ‘लेड झेपलिन’च्या संमतीने बनलेला आणि २०२५मध्ये चित्रपटगृहांत आलेला ‘बिकमिंग लेड झेपलिन’ बँडच्या सुरुवातीच्या वर्षांवरच थांबतो. त्याच्याबाबतही संगीताचे कौतुक आणि अतिभक्तीची तक्रार, अशीच विभागणी दिसली. मात्र परवानगी म्हणजे आरती, असे समीकरण नाही. ‘मेटॅलिका’ने स्वतःच्याच पुढाकाराने पडद्यावर येऊ दिलेल्या ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’मध्ये (२००४) बँडमधील कडवट वाद उघडपणे दिसतात. ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन’ (२००२) या माहितीपटाने तर गाजलेल्या गाण्यांमागच्या अनाम वादकांनाच नायक केले. व्हाइट यांच्याच डेट्रॉइट शहरातील ही कथा.

भारताशी याचा संबंध कसा?

पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी १९७२मध्ये मुंबईत स्थानिक वादकांना घेऊन आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले होते. ते २०१५मध्ये ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. गाण्यांच्या नावापुढे उल्लेख आहे तो ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असा. सारंगी आणि तबल्याची साथ करणाऱ्या हातांची ओळख श्रोत्यापर्यंत सामूहिक नावानेच पोहोचते. हिंदी-मराठी चित्रपटसंगीतातील असंख्य साजिंद्यांची कथाही याहून फार वेगळी नाही. अमेरिकेतील प्रश्न इथल्या श्रोत्याला परका वाटू नये, तो यासाठीच.

पुढे काय?

‘इट माइट गेट लाऊड’ पाहावा, असाच चित्रपट आहे. वाद्याशी झटणे म्हणजे काय, हे तो अनेक चरित्रपटांपेक्षा चांगले सांगतो. पण अशा चित्रपटांची परीक्षा ‘भांडण दाखवले का’ या निकषावर होत राहिली, तर निर्माते पुढच्या वेळी भांडण दाखवतील आणि सुटतील. तिथे पडद्यावर कोण बोलते, कोणाचे काम वाजते आणि कोणाचे नाव उच्चारलेच जात नाही, हे समीक्षकांनी विचारायला हवे. प्रेक्षकांनाही ते विचारता येईल. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. चित्रपट संपल्यावर ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे १९२९चे ध्वनिमुद्रण मोबाइलवर शोधून ऐकले, तरी ती सुरुवात ठरेल.